भालाफेक ते बेसबॉल : रिंकू सिंहविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलवर काहीही लिहिलं की फिरून फिरून एकाच माणसाबद्दल प्रश्न येतात. त्यातले बरेचसे एकसारखेच, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. एकाच गोष्टीला दोन प्रश्न लागत असतील, तिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. हा रिंकू सिंह म्हणजे केकेआरचा, पाच षटकारवालाच ना?

नाही हो. निम्मी पत्रं इथेच संपतात. ९ एप्रिल २०२३ला गुजरात टायटन्सविरुद्ध शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारले तो रिंकू सिंह अलीगढचा, क्रिकेटपटू. आपला रिंकू त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, ८ ऑगस्ट १९८८चा, आणि बेसबॉलमधला पिचर. घोटाळा होण्यासारखी परिस्थिती आहे हे मात्र मान्य. दोघंही उत्तर प्रदेशचे, दोघंही गरिबीतून वर आलेले, आणि कहर म्हणजे दोघंही डावखुरे.

२. पिचर म्हणजे काय? पिच तर खेळपट्टीला म्हणतात.

क्रिकेटमध्ये. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे फेकलेला चेंडू आणि तो फेकणारा पिचर. तो उभा असतो मातीच्या दहा इंच उंचवट्यावर, त्याला माउंड म्हणतात. समोर १८.४४ मीटरवर जेमतेम दोन विती रुंदीची होम प्लेट. रन-अप नाही, टप्पा नाही. उभ्या जागेवरून फेकायचा आणि प्लेटच्या वर, फलंदाजाचे गुडघे ते छाती एवढ्या काल्पनिक चौकटीतून तो न्यायचा. तिथून गेला आणि फलंदाजाने सोडला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, म्हणजे स्ट्राइकआउट.

३. तो मूळचा कुठला? कुठे वाराणसी लिहितात, कुठे भदोही.

दोन्ही बरोबर. त्याच्या गावाकडचा गोपीगंजचा परिसर पूर्वी वाराणसी जिल्ह्यात होता. १९९४मध्ये त्यातून भदोही हा वेगळा जिल्हा झाला, म्हणजे रिंकू तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा. हा गालिचे विणणाऱ्यांचा मुलूख. वडील ट्रक चालवायचे, भावंडं नऊ. पुढे लखनौच्या गुरु गोविंद सिंह स्पोर्ट्स कॉलेजात तो भालाफेकीसाठी गेला आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवण्यापर्यंत पोहोचला. आपल्याकडे जसे कुस्तीसाठी पोरांना तालमीत ठेवतात, तसंच उत्तरेत गरीब घरच्या मुलांना क्रीडा महाविद्यालय म्हणजे राहणं, जेवण आणि पुढे जमलं तर सैन्यातली किंवा रेल्वेतली नोकरी. बेसबॉल या हिशेबात कुठेच नव्हता.

४. 'मिलियन डॉलर आर्म' ही काय भानगड होती? त्याला खरंच दहा लाख डॉलर मिळाले?

अमेरिकी स्पोर्ट्स एजंट जे. बी. बर्नस्टाइन आणि त्याच्या भागीदारांनी काढलेला हा टीव्हीवरचा शोध-कार्यक्रम. कल्पना साधी होती: सव्वाशे कोटींच्या देशात जोरात आणि सरळ फेकू शकणारा कोणीतरी सापडेलच. ३७ हजारांहून जास्त मुलांनी फेकून पाहिलं. २००८मध्ये रिंकू पहिला आला, ताशी ८७ मैल वेगाने, म्हणजे आपल्या हिशेबात १४० किलोमीटर. दुसरा आला वाराणसीजवळचा दिनेश पटेल.

बक्षीस मिळालं एक लाख डॉलर. नावातले दहा लाख मिळवायला वेगळी, जास्त कठीण अट होती आणि ती काही जमली नाही. ट्रक ड्रायव्हरच्या घरात एक लाख डॉलर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

५. भारतात इतके वेगवान गोलंदाज पडले आहेत. मग भालाफेकवाले कसे जिंकले?

हा माझा आवडता प्रश्न, आणि उत्तर कोपरात आहे.

क्रिकेटचा गोलंदाज लहानपणापासून कोपर सरळ ठेवायला शिकतो. चेंडू सोडताना ते पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की फेकी गोलंदाजी म्हणून बोंब होते. वेग येतो तो धावण्यातून आणि खांद्यातून. त्याला माउंडवर उभं केलं की दोन्ही गोष्टी जातात. रन-अप काढून घेतलेला, आणि जे कोपर इतकी वर्षं जपलं ते आता मुद्दाम वाकवायचं. शरीर ऐकत नाही.

भालाफेकीत उलट. पुढचा पाय खुंटीसारखा रोवायचा, कंबर आधी फिरवायची, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट. आसूड ओढल्यासारखं. पिचिंगही नेमकं असंच. ज्या फेकीवर क्रिकेटचा पंच हात आडवा करेल, तीच इथे शिकवतात. त्यात पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि बेसबॉल दीडशे ग्रॅमच्या आतला. इतकी वर्षं जड वस्तू फेकलेल्या हाताला हा चेंडू म्हणजे लिंबू.

भाच्याने न्यू जर्सीहून आणलेला एक बेसबॉल माझ्या टेबलावर असतो. लाल दोऱ्याचे १०८ टाके. मोजायला बसलो होतो, सत्तरीच्या आसपास नजर चुकली. क्रिकेटच्या चेंडूची शिवण सरळ गोल फिरते. याची शिवण घोड्याच्या नालासारखी वळत जाते, त्यामुळे पहिल्यांदा हातात घेतल्यावर बोटं कुठे ठेवायची तेच कळत नाही. गच्चीत भिंतीवर खडूने चौकट आखून वीस वेळा फेकला. चौकटीत बसले तीन. दुसऱ्या दिवशी चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

६. मग अमेरिकेत जाऊन लगेच खेळायला लागला का?

फेकणं येत होतं, खेळ येत नव्हता. २००८च्या मध्यावर दोघं लॉस एंजेलिसला गेले आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात टॉम हाउस यांच्या हाताखाली शिकले. हाउस स्वतः जुने पिचर. हँक अॅरनने १९७४मध्ये बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५वा होमरन (आपल्याकडच्या षटकारासारखा) मारला, तो चेंडू बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर हात मोकळा करतात त्या मैदानाकडेच्या जागेत, झेलला यांनीच. पुढे नोलन रायनसारख्याचे ते प्रशिक्षक होते. माणूस तोलामोलाचा मिळाला.

पण शिकायचं होतं किती! ग्लोव्हने झेलणं. बेसवरचा धावपटू पळू पाहतोय का, त्यावर डोळा ठेवणं. चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला गेला की माउंड सोडून तिकडे धावणं. सरळ वेगवान चेंडूखेरीज एखादा हळू, एखादा वळणारा चेंडू जमवणं. अमेरिकन पोरगा हे वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून करत आलेला असतो. रिंकू वीस वर्षांचा होता. त्याच्या जोडीला इंग्रजीही शिकायचं.

नोव्हेंबर २००८मध्ये अॅरिझोनातल्या टेम्पी इथे मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमधल्या संघांच्या स्काउटांसमोर (खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) चाचणी झाली, आणि २४ नोव्हेंबरला पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पहिला बेसबॉल हातात घेतल्याला वर्षही झालं नव्हतं.

७. पायरेट्सशी करार म्हणजे तो पिट्सबर्गकडून खेळला, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त. करार झाला की खेळाडू त्या संस्थेचा होतो, पण त्याला पाठवतात तिच्या खालच्या संघांमध्ये. यालाच मायनर लीग म्हणतात. रणजी आणि कसोटीसारखं हे नातं नाही. रणजीत मुंबईचा संघ मुंबईसाठी जिंकायला खेळतो. मायनर लीगचा संघ वरच्या संघासाठी माणसं घडवायला असतो. तिथला व्यवस्थापक सामना हरला तरी चालतं, पण ठरलेल्या पिचरकडून ठरलेले चेंडू टाकून घेतलेच पाहिजेत.

रिंकूच्या वेळी पायरेट्सचा जिना असा होता. अगदी तळाला डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. मग फ्लोरिडातली गल्फ कोस्ट लीग. मग पेनसिल्व्हेनियातला स्टेट कॉलेज स्पाइक्स, हा छोट्या हंगामाचा संघ. त्यावर वेस्ट व्हर्जिनिया पॉवर, सिंगल-ए, पूर्ण हंगाम. मग वरचा सिंगल-ए ब्रेडेंटन, डबल-ए अल्टूना, ट्रिपल-ए इंडियानापोलिस, आणि सगळ्यांच्या वर पिट्सबर्ग.

८. पण करार ड्राफ्टशिवाय कसा झाला?

ड्राफ्ट म्हणजे संघांनी रांगेने, पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. तो अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या खेळाडूंसाठी असतो. बाकीच्या जगातल्या खेळाडूशी कोणताही संघ थेट करार करू शकतो. त्याचे स्वतंत्र नियम आहेत, पण रांग नाही.

९. तो या जिन्यावर किती वर चढला? वर्षवार सांगाल का?

२००९ : गल्फ कोस्ट लीग. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, रिंकू आणि दिनेश दोघंही पहिल्यांदा अधिकृत व्यावसायिक सामन्यात उतरले. १३ जुलैला रिंकूच्या नावावर पहिला विजय लागला. नावाला व्यावसायिक लीग, पण चित्र डोळ्यांसमोर आणा: ब्रेडेंटनच्या सराव संकुलातलं मागचं मैदान, फ्लोरिडाचं भर दुपारचं ऊन, तिकीट नाही, प्रेक्षक म्हणजे कोणाचे तरी आईवडील आणि दोन-चार स्काउट. हंगाम संपला तेव्हा ११ सामने, एक विजय, दोन पराभव, ईआरए ५.८४.

२०१० : पुन्हा तीच लीग. ईआरए २.६१. (ईआरए म्हणजे काय, त्यासाठी प्रश्न १०.)

२०११ : एकाच वर्षात तीन लीग. डॉमिनिकन, मग स्टेट कॉलेज, मग वेस्ट व्हर्जिनिया. तेवढ्यावर न थांबता अमेरिकेत थंडी पडली की ऑस्ट्रेलियात, कॅनबरा कॅव्हलरीकडून.

२०१२ : पूर्ण हंगाम वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडे. हे त्याचं खरं वर्ष. ३९ सामने, ७२ इनिंग (सामन्यात नऊ असतात, प्रत्येकीत संघाचे तीन बाद होईपर्यंत खेळ), ६५ स्ट्राइकआउट, तीन विजय, एक पराभव, ईआरए बरोबर ३.००. सुरुवात करणारा पिचर म्हणून नाही. मधल्या इनिंगमध्ये बुलपेनमधून येणारा. हा हंगाम १४० सामन्यांचा, एप्रिल ते सप्टेंबरची सुरुवात, आणि प्रवास सगळा बसने. लीग पसरलेली न्यू जर्सीपासून जॉर्जियापर्यंत. न्यू जर्सीतल्या लेकवुडचा संघही याच लीगमधला. एडिसनपासून तासाभराचा रस्ता. माझा भाचा तेव्हा एडिसनलाच होता आणि भारताचा एक पिचर या लीगमध्ये खेळतो, याचा त्याला पत्ताही नव्हता. मलाही नव्हता.

लोक स्पर्धेच्या ८७ मैलांचं कौतुक करतात. माझ्या मते कौतुक २०१२चं करावं. चार वर्षांपूर्वी ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा हे माहीत नसलेला माणूस पूर्ण हंगाम त्या मुलांसमोर टिकला, ज्यांचं आयुष्यच या खेळात गेलं होतं.

१०. ईआरए म्हणजे काय? किती चांगला मानायचा?

पिचरच्या चुकीने, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, नऊ इनिंगमागे किती धावा गेल्या त्याची सरासरी. रिंकूच्या २०१२च्या ७२ इनिंगमध्ये २४ धावा त्याच्या नावावर लागल्या. २४ गुणिले ९ भागिले ७२, म्हणजे ३. कमी तेवढा चांगला. तीनच्या आसपास उत्तम, पाचच्या वर काळजी.

सावधान, थोड्या इनिंगवर हा आकडा फसवा असतो. दिनेश पटेलचा २००९चा ईआरए होता १.४२, झकास. पण तो अवघ्या सव्वासहा-साडेसहा इनिंगचा. त्यात गेली एकच धाव. पुढच्या वर्षी तो ८.५९ झाला. इनिंग सात आणि एक तृतीयांश, धावा सात. दोन्ही वर्षांचं मिळून माप काढायला पुरेसं कापडच नव्हतं.

११. दिनेश पटेल पुढे कुठे गेला?

डिसेंबर २०१०मध्ये पायरेट्सने त्याला मोकळं केलं. तो घरी परतला आणि पुन्हा भालाफेकीकडे वळला. उजव्या हाताचा पिचर, वेग रिंकूपेक्षाही कमी नव्हता. त्याला थोडा जास्त वेळ मिळायला हवा होता असं मला वाटतं, पण मायनर लीगमध्ये डावखुऱ्याला नेहमीच जरा जास्त सवड मिळते. डावखुरे पिचर मुळात कमी, आणि डावखुऱ्या फलंदाजांना ते त्रास देतात म्हणून मागणी जास्त.

१२. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू म्हणजे बक्कळ पैसा असेल?

वरच्या मजल्यावर हो, जिन्यावर नाही. त्या काळात मायनर लीगमध्ये पहिल्या कराराच्या वर्षी महिन्याला जास्तीत जास्त ११०० डॉलर मिळत, तेही फक्त हंगामाचे महिने. त्या वेळच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या आसपास, पण खर्च अमेरिकेतला. त्यामुळे एका खोलीत चार-पाच जण आणि जेवणात स्वस्त बर्गर हा रिवाजच होता. २०२३मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला आणि परिस्थिती बरीच सुधारली. रिंकूच्या उपयोगाचं ते नव्हतं.

१३. २०१२ एवढं छान गेलं, मग पुढे काय बिनसलं?

हात. २०१३पासून दुखापतींनी तो मैदानाबाहेरच राहिला आणि टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली.

हे नाव डॉक्टरांचं नाही, रुग्णाचं आहे. टॉमी जॉन हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४मध्ये त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच हातातला एक स्नायुबंध काढून तिथे ओवला. १९७६मध्ये तो परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आता ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे, तरी माउंडवर परतायला बारा ते अठरा महिने सहज जातात. प्रश्न ५मध्ये जो आसूड म्हटला, त्याचा सगळा ताण याच अस्थिबंधावर येतो.

आणि इथे वय आडवं येतं. अठराव्या वर्षी दोन वर्षं गेली तर चालतात. रिंकू २०१३च्या ऑगस्टमध्ये पंचविशीचा झाला होता आणि अजून सिंगल-एच्या पायरीवर. खालून विशीतली पोरं येतच होती. तो पुन्हा अधिकृत सामन्यात उतरला नाही.

१४. "पहिला भारतीय बेसबॉलपटू" हे बिरुद खरं का?

शब्द नीट वापरले तर खरं. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवलेले आणि खेळलेले पहिले भारतीय नागरिक म्हणजे रिंकू आणि दिनेश. त्यातला पहिला विजय रिंकूचा. "मेजर लीगमधला पहिला भारतीय" म्हणाल तर चूक. तो तिथे पोहोचलाच नाही (प्रश्न ७).

भारतीय वंशाचे खेळाडू हा वेगळा धागा. कुमार रॉकर या पिचरच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. २०२२च्या ड्राफ्टमध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये खेळला. अर्जुन निम्मलाला टोरोंटो ब्लू जेजने २०२३मध्ये पहिल्या फेरीत घेतलं. पण हे दोघं अमेरिकेतच, त्याच खेळात वाढलेले. त्यांची आणि रिंकूची तुलना करून कोणाला मोठं-छोटं ठरवायची पत्रं येतात. त्यांना मी उत्तर देत नाही.

१५. त्याच्यावरचा चित्रपट पाहिला. तेवढं पुरे का?

स्पर्धेच्याच नावाचा तो चित्रपट २०१४चा. त्याचा खरा नायक एजंट आहे, आणि करार झाला की गोष्ट संपते. मायनर लीगची वर्षं, म्हणजे वरच्या प्रश्न ९मधलं सगळं, त्यानंतरची. पाहायला हरकत नाही; मात्र तो पाहून "रिंकू मेजर लीगमध्ये खेळला" असं सांगत फिरू नका.

१६. डब्ल्यूडब्ल्यूईमधला वीर महान तोच का?

तोच. जानेवारी २०१८मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला, कपाळावर गंध लावून वीर महान या नावाने तो रिंगणात उतरायचा, आणि २०२४मध्ये तिथून बाहेर पडला. कुस्तीवरचे प्रश्न कृपया मला पाठवू नका.

१७. अमेरिकेत मुलीकडे जाणार आहोत. तो खेळला ती मैदानं बघता येतील का?

जिन्याच्या काही पायऱ्याच आता उरलेल्या नाहीत. २०२१मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली. त्यात छोट्या हंगामाच्या लीग गेल्या, संघ १२०वर आणले आणि गल्फ कोस्ट लीगचं नाव फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग झालं. वेस्ट व्हर्जिनिया पॉवरही त्या कुटुंबातून बाहेर पडला. चार्ल्सटन शहरातलं त्याचं मैदान मात्र शाबूत आहे. तिथे आता चार्ल्सटन डर्टी बर्ड्स नावाचा स्वतंत्र संघ खेळतो, आणि पाहायचं असेल तर तेच पाहा.

तिथली एक गंमत सांगतो. पॉवरच्या काळात एक चाहता पहिल्या रांगेत चक्क टोस्टर घेऊन बसायचा. पाहुण्या संघाचा फलंदाज स्ट्राइकआउट झाला की तो ताजे भाजलेले पावाचे तुकडे प्रेक्षकांत उडवायचा आणि सगळं स्टेडियम त्या फलंदाजाच्या नावाने ओरडायचं, की तुझा टोस्ट झाला. रिंकूच्या त्या ६५ स्ट्राइकआउटांपैकी जेवढे घरच्या मैदानावर पडले, तेवढ्या वेळा भदोहीच्या पोराच्या नावाने चार्ल्सटनमध्ये पाव उडाला असणार.